‘शो’ शब्दाचा तास

आणीबाणी उठली त्या सुमाराला मी निफाड तालुक्यातल्या एका हायस्कुलात इंग्रजी शिकवत होते. प्रोबेशनची दोन वर्षं संपत आली होती. तपासणीला येणारे साहेब माझा पाठ बघणार आणि मग हेडसर शिफारस करणार. नोकरी कायम की घरी बसायचं, ते एका तासावर ठरणार होतं. घरात पगार आणणारी मी एकटीच.

पाठासाठी मी ‘शो’ हा शब्द घेतला. मुलांना तो सिनेमामुळे माहीत होता. पण वाट दाखवणं, मनातलं चेहऱ्यावर दिसू देणं, प्रदर्शन, नुसता देखावा, केवढे अर्थ त्या टीचभर शब्दात! रविवारी नाशिकला जाऊन वाचनालयातला जाडजूड कोश उघडला, तर फार जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ दाखवणं नव्हताच. होता बघणं, निरखून बघणं. दाखवणं मागाहून आलं. मला इतका आनंद झाला की परतताना एसटीत उभं राहावं लागल्याचंही काही वाटलं नाही.

हेडसरांनी मात्र त्यांची नेहमीची तयारी करून घेतली. प्रश्न विचारला की सगळ्या वर्गाने हात वर करायचे. येत असेल त्याने उजवा, नसेल त्याने डावा, आणि बाईंनी उजव्यालाच उठवायचं. ही शुद्ध फसवेगिरी होती. तरी मी मान डोलावली.

साहेब मागच्या बाकावर वही उघडून बसले, हेडसर दाराशी उभे राहिले. मी अर्थ सांगितले, कोशातली गोष्टही सांगितली आणि विचारलं, “समजलं?” सगळे हात वर. मी उजवा शोधतेय तोवर साहेब उठले आणि डावा हात वर केलेल्या एका मुलीजवळ जाऊन थांबले. त्यांना सगळं ठाऊक होतं.

“काय नाही समजलं, बाळ?”

ती उभी राहिली. “बाईंनी सांगितलं ते लय आवडलं. पण आधी बघणं होतं, तर मग दाखवणं कसं झालं? ते नाय समजलं.”

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. काहीतरी ठोकून द्यावं असं क्षणभर वाटलं.

“मलाही माहीत नाही,” मी म्हणाले.

साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि ते चहाला गेले.

त्यांची जीप फाटकाबाहेर पडताच हेडसरांनी त्या मुलीला बोलावलं. “डावा हात वर करून शिवाय तोंड चालवतेस? साऱ्या शाळेची शोभा केलीस!” मधल्या सुट्टीभर तिला मैदानात उन्हात उभं केलं. शिक्षकखोलीच्या खिडकीतून ती समोरच दिसत होती. तिचा प्रश्न त्या वर्षातला सगळ्यात चांगला प्रश्न होता, एवढंच मला बाहेर जाऊन सांगायचं होतं. पण शिफारशीवर हेडसरांची सही व्हायची होती. मी खिडकीकडे पाठ करून बसले आणि चहा प्यायले.

महिन्याभराने मी कायम झाले. साहेबांनी शेरा लिहिला होता, ‘विद्यार्थिनी निर्भयपणे प्रश्न विचारतात.’ हेडसरांनी तो सगळ्यांना वाचून दाखवला.

ती मुलगी पुढे दोन वर्षं माझ्या वर्गात होती. तिने मला एकही प्रश्न विचारला नाही.