साठ म्हण, ताई

विमानतळावर माझ्या हातातली बॅग घेताना मिलिंदनं पहिलं वाक्य काढलं ते असं: "ताई, शनिवारी तुझ्याकडे एक काम आहे." प्रवास कसा झाला, विमानात काही खाल्लंस का, काही नाही. मिलिंद माझा धाकटा भाऊ. एका बँकेच्या संगणक विभागात मॅनेजर आहे आणि पंधरा वर्षं सिंगापुरात राहतोय. मी कराडच्या मुलींच्या शाळेत एकतीस वर्षं खेळाची शिक्षिका होते, खो-खोच्या संघाबरोबर जिल्हा पालथा घातला, पण परदेशी निघाले ती निवृत्त झाल्यावरच. बागा आणि समुद्र बघायचा म्हणून नवे बूट घेतले होते.

टॅम्पिनीसमधलं त्यांचं घर अकराव्या मजल्यावर आहे. खाली व्हॉइड डेक (इमारतीखालची खांबांची मोकळी जागा), तिथे म्हातारे चिनी गृहस्थ नुसत्या बनियनवर सोंगट्या खेळत बसले होते. सगळीकडे इतकी स्वच्छता की मला खिशातलं बसचं तिकीट टाकायचीही भीती वाटली. घरात शिरले, पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले आणि फ्रिज बघून उभीच राहिले. आमच्याकडे फ्रिजवर लग्नपत्रिका लावतात. इथे वरपासून खालपर्यंत अमेरिकेतल्या कॉलेजांची यादी होती, प्रत्येकापुढे प्रशिक्षकाचं नाव, कधी लिहिलं, उत्तर आलं की नाही, आणि लाल, पिवळे, हिरवे ठिपके.

हे सगळं माझ्या भाचीसाठी, ऋजुतासाठी. ती सतरा वर्षांची. शाळेच्या संघात सॉफ्टबॉल खेळते, पिचर आहे, म्हणजे फलंदाजाला चेंडू टाकणारी. हात खालून गरकन फिरवून चेंडू सोडायचा असतो. मिलिंदनं मला रात्रीच्या जेवणात शाळा घेतल्यासारखं समजावलं. अमेरिकेतल्या कॉलेजांच्या खेळात तीन डिव्हिजन असतात. पहिल्यात मोठी विद्यापीठं, टीव्हीवरचे सामने, खेळाची शिष्यवृत्ती. तिसऱ्यात लहान कॉलेजं, खेळाची शिष्यवृत्ती नाही, अभ्यास करायचा आणि खेळायचंही.

"डिव्हिजन वन सोडून बाकीचं म्हणजे फुकट गेलेली दहा वर्षं," तो म्हणाला.

माझी भावजय शिल्पा लॅपटॉपवर ऋजुताच्या नावानं पत्र लिहीत होती. 'पाच वर्षांची असल्यापासून मी या मैदानाचं स्वप्न पाहते आहे.' मी म्हटलं, "अगं, पाच वर्षांची असताना ती भरतनाट्यमला जायची ना?" शिल्पा हसली नाही. "ताई, इथे सगळे असंच लिहितात," ती म्हणाली आणि पुढची ओळ टाइप करायला लागली. ऋजुता समोर बसून भात चिवडत होती. आपल्याच नावाचं पत्र तिनं एकदाही वाचायला मागितलं नाही.

शुक्रवारी मिलिंद आणि शिल्पा कामावर गेले आणि ऋजुतानं मला खारफुटीचं जंगल दाखवायला नेलं. एमआरटीनं (तिथली मेट्रो) वुडलँड्सकडे आणि पुढे बसनं. चिखलातून वर आलेली मुळं, लाकडी पायवाट, आणि पलीकडे पाण्यापार मलेशियाच्या इमारती. एक हातभर घोरपड रस्ता ओलांडून गेली तेव्हा मी किंचाळायच्या बेतात होते, ही मात्र खाली बसून तिच्याशी बोलत होती. कोणत्या झाडाची मुळं मीठ कशी बाहेरच अडवतात ते तिनं मला दहा मिनिटं सांगितलं. घरात न बोलणारी मुलगी ती हीच का, असं मला वाटलं.

मग दुर्बीण डोळ्यांना लावताना तिनं डावा हात वापरला. पाण्याची बाटली डाव्यानं. केसांचा रबर निघाला तर तो माझ्याकडे दिला आणि म्हणाली, "आत्या, तू बांध ना." माझ्या हाताखालून शेकडो मुली गेल्या आहेत. मी तिचा उजवा दंड धरून हळूच वर उचलला. खांद्याच्या उंचीच्या वर गेला तसा तिचा चेहरा पांढरा पडला.

"सोअर ओन्ली, आत्या. बाबाला नको सांगू हं, प्लीज लाह." नुसता ठणकतोय, असं तिचं म्हणणं; 'लाह' म्हणजे तिथलं 'ना'.

दुपारी हॉकर सेंटरमध्ये (एका छपराखाली मांडलेले खाण्याचे गाळे) आम्ही कोपी आणि काया टोस्ट घेतला. कोपी म्हणजे दाट दुधाची कडक कॉफी, आणि काया म्हणजे नारळ-अंड्याचा गोड लगदा. अंड्याचं मला खाऊन झाल्यावर कळलं. खाल्लेला ट्रे मी तसाच टेबलावर ठेवून उठले तर साफसफाई करणाऱ्या आजोबांनी मला बोटानं परत बोलावलं, "आंटी, ट्रे रिटर्न आ." एकतीस वर्षं मुलींना शिस्त लावली, आणि इथे माझीच शिकवणी झाली. ऋजुता खूप हसली. त्या हसण्यातच तिनं सांगितलं की तिसऱ्या डिव्हिजनच्या एका लहान कॉलेजातल्या प्रशिक्षक बाईंनी तिला लिहिलंय. समुद्राजवळचं कॉलेज आहे. "त्यांनी विचारलं, तुला काय शिकायचंय. बाकी कुणी नाही विचारलं." फ्रिजवर त्या कॉलेजापुढे लाल, म्हणजे बाद, असा ठिपका होता.

रात्री मी मिलिंदला खांद्याचं सांगणार होते. सांगितलं नाही. मुलीनं नको म्हटलंय, पाहुणी म्हणून आलेय, आल्या आल्या घरात आग कशाला लावायची, अशी मी माझी समजूत घातली.

शनिवारी मैदानावर माझं काम समजलं. पहिल्या डिव्हिजनच्या एका प्रशिक्षकाला ऋजुताची ताजी चित्रफीत त्याच संध्याकाळी हवी होती आणि रविवारी सकाळी व्हिडिओ कॉल होता. चेंडूचा वेग मोजणारं पिस्तुलासारखं यंत्र मिलिंदनं माझ्या हातात दिलं. उन्हामुळे त्यावरचा आकडा कॅमेऱ्यात दिसत नाही, म्हणून मी तो मोठ्यानं म्हणायचा. सरावाचे पाचसात चेंडू झाले आणि विजेच्या इशाऱ्याचा भोंगा वाजला. तिथे ढग जमले की मैदान रिकामं करावंच लागतं. आम्ही छपराखाली गेलो.

माझ्या शेजारी एक चिनी बाई आपल्या मुलीची पिशवी सांभाळत बसल्या होत्या. ऋजुताकडे बघून त्या हळूच म्हणाल्या, "युअर गर्ल, द शोल्डर नॉट गुड, आ?" मी विचारलं, तुम्हाला कसं कळलं. त्या म्हणाल्या की त्यांच्या मोठ्या मुलीचं असंच झालं. पहिल्या डिव्हिजनला गेली, एका सत्रात परत आली. आता टीव्हीवर सॉफ्टबॉल लागला तर खोलीतून उठून जाते. हे सांगून त्यांनी पिशवीतून दुसऱ्या मुलीसाठी वेदनाशामक फवारा काढून तयार ठेवला.

भोंगा थांबला तेव्हा उजेड अर्ध्या तासाचा उरला होता. ऋजुता उभी राहिली, हात फिरवला, चेंडू सुटला. यंत्रावर चोपन्न. म्हणजे ताशी चोपन्न मैल. पुन्हा चोपन्न. मग त्रेपन्न.

मिलिंद कॅमेरा बंद करून माझ्याजवळ आला. "मागच्या वर्षी साठ पडत होते. दमलीय ती. साठ म्हण, ताई."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. हा माझा भाऊ, लहानपणी पत्त्यात कुणी फसवलं तर रडून घर डोक्यावर घेणारा. मी म्हटलं, "मिलिंद, तिला विचार तरी." ऋजुता ओरडली नाही की रडली नाही. जवळ आली आणि अगदी शांतपणे म्हणाली, "आत्या, जस्ट से सिक्स्टी. मग हे संपेल."

मी हादरले ते तिथे. मला वाटत होतं की मुलगी एका बाजूला आहे आणि आईबाप दुसऱ्या. तसं काही नव्हतंच. तिनं हात फिरवला, चेंडू सुटला, यंत्रावर त्रेपन्न आले आणि माझ्या तोंडून खणखणीत आवाजात "सिक्स्टी" निघालं. नंतर आणखी चार वेळा.

रविवारी सकाळी सात वाजता लॅपटॉपसमोर ऋजुता बसली. पडद्यामागे, प्रशिक्षकाला दिसणार नाही अशा जागी, शिल्पा उत्तरं लिहिलेले कागद धरून उभी. परीक्षेत कॉपी पकडण्यात माझं आयुष्य गेलं आणि मी तिच्या शेजारी गप्प बसले होते. प्रशिक्षक सज्जन वाटला. त्यानं विचारलं, आकडे सांगणारा आवाज कुणाचा? शिल्पाच्या हातातल्या कागदाकडे न बघता ऋजुता म्हणाली, "माझी आत्या. एकतीस वर्षं कोच होती."

"मग आकड्यांवर विश्वास ठेवायला हरकत नाही," तो हसून म्हणाला. "आणि खांदा? काही दुखापत?"

शिल्पानं 'नो इंजरी' असा कागद वर केला. ऋजुतानं तो वाचला, आणि मग तिनं माझ्याकडे पाहिलं. मी उठले, पडद्यासमोर गेले आणि माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं की वेग त्रेपन्न-चोपन्न आहे, साठ मी खोटं म्हटलं, आणि या मुलीचा हात दुखल्याशिवाय वर जात नाही.

प्रशिक्षकानं आभार मानले, तिला आधी डॉक्टरकडे न्या म्हणाला आणि कॉल संपवला. मिलिंदनं लॅपटॉप मिटला. शिल्पा कागद गोळा करत राहिली. ऋजुता खोलीत गेली आणि दार लावलं. मला वाटलं होतं तिला हायसं वाटेल. आतून तिचं रडणं ऐकू येत होतं, आणि ते हायसं वाटल्याचं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात तपासणीत खांद्याचा स्नायू फाटलेला निघाला. वर्षभर चेंडू टाकायचा नाही. डॉक्टरांनी चित्र दाखवलं तेव्हा मिलिंद खुर्चीत खाली वाकून बसला आणि बराच वेळ उठला नाही. नवे बूट घालून मी बागा पाहिल्या, समुद्रही पाहिला, पण त्यांचं वर्णन करायला बसले तर काही आठवत नाही. निघताना मिलिंद विमानतळावर आला, माझ्या पाया पडला, आणि तरी माझ्या डोळ्यांत पाहिलं नाही.

कराडला येऊन महिना झाला. परवा ऋजुताचा निरोप आला. त्या लहान कॉलेजातल्या बाईंना तिनं खांद्याचं स्वतःच कळवलं, पत्र स्वतः लिहिलं. त्या म्हणाल्या, ये, वर्षभर बाकावर बसून गुण लिही, खारफुटी शीक, आम्ही थांबतो. मी ते शेजारणीला वाचून दाखवलं, चष्मा पुसला, आणि मग खाली अजून एक ओळ आहे हे लक्षात आलं.

"आत्या, शुक्रवारीच तुला माझा खांदा कळला होता. मग शनिवारी तू साठ का म्हणालीस?"

दोन दिवस झाले. मी अजून उत्तर लिहिलेलं नाही.