भाऊंचा रस्ता

दीपक उगलेच्या हातून नाशकातल्या जितक्या रिकामटेकड्या माणसांचे वाढदिवस साजरे झाले, तितके त्यांच्या आयांनीही कधी केले नसतील. द्वारका चौकाच्या मागच्या बाजूला एका टायरच्या दुकानावर त्याचं फ्लेक्स डिझाइन करायचं ऑफिस होतं. ऑफिस म्हणजे एक कॉम्प्युटर, चार खुर्च्या आणि भिंतीवर स्वतःच डिझाइन केलेलं स्वतःचं नाव. सिन्नरकडच्या खेड्यातून आलेल्या या माणसाचा हात चित्रकलेत चांगला होता. त्या हाताने त्याने काय केलं, तर वर्षानुवर्षं मुंडकी कापली. मधे भाऊ नाहीतर दादा, खांद्यावर उपरणं, डोळ्यांवर गॉगल. खाली शुभेच्छुकांच्या मुंडक्यांच्या रांगा. कुणाचं मुंडकं केवढं आणि कुणाशेजारी, यावरून भांडणं होत आणि दीपक ती मिटवी. यालाच तो आपला अनुभव म्हणे.

पुढे फ्लेक्स उतरवायचे आदेश निघू लागले, तशी भाऊ-दादा मंडळी मोबाइलमध्ये शिरली. दीपकही त्यांच्यामागून शिरला. तिथे त्याला कॅरोसेल सापडला. एक लांबलचक चित्र करायचं, त्याचे सारखे तुकडे पाडायचे आणि एकाच पोस्टमध्ये ओळीने लावायचे. बघणारा बोटाने सरकवत जातो. तुकडे नीट पाडले असतील तर बैलाचं तोंड पहिल्या स्लाइडवर, शेपूट तिसरीवर, आणि तरी बैल अखंड. सांधा कुठे आहे ते कळतही नाही.

हे त्याला येत होतं, नाही असं म्हणता येणार नाही. घोटीच्या एका राइस मिलसाठी त्याने भाताचं शेत केलं होतं. लोंब्या सगळ्या उजवीकडे वाकलेल्या, त्यामुळे बोट आपोआप पुढे जाई. शेत संपता संपता ताट येई आणि ताटात वाफाळता भात. त्याची बायको संजना एका पतसंस्थेत क्लार्क होती. नवऱ्याच्या कामाबद्दल ती सहसा बोलत नसे, कारण बोलण्यासारखं काही नसे. हे चित्र मात्र तिने पुढे-मागे सरकवत बराच वेळ पाहिलं आणि छान झालंय म्हणाली. दीपक हरखला. तिला शेत आवडलं होतं. त्याचा समज झाला की आपण सांधा बेमालूम लपवला ते आवडलं.

मग देवराम सांगळे ऊर्फ भाऊ आले. जमिनीचे व्यवहार करून पोट सुटलेला हा गृहस्थ कित्येक वर्षं भावी नगरसेवक होता. महापालिकेच्या निवडणुका लांबत गेल्या, तसा तो भावीचा भावीच राहिला. आता निवडणूक लागणार अशी हवा झाली आणि भाऊंना आपला कार्यअहवाल हवासा वाटला. त्यांचा उजवा हात नाथा, जो भाऊंची गाडी चालवी आणि भाऊंच्या वतीने दम देई, त्याने दीपकला कामांचे फोटो पाठवले. एक बाक, ज्याची एक फळी निखळली होती; भाऊंचं नाव असलेली फळी तेवढी शाबूत होती. व्यायामाची एक सायकल, पेडल नसलेली. एक गतिरोधक. आणि कॉलनीतला रस्ता. एवढ्या वर्षांची समाजसेवा मोबाइलच्या एका पडद्यात मावली असती. पण भाऊंना ती लोकांनी सरकवत सरकवत बघायला हवी होती.

दीपक स्वतः कॉलनीत गेला. रस्ता पाण्याच्या टाकीपर्यंत ठीक होता. तिथून पुढे कुणीतरी पाइप टाकायला खणून तसाच सोडून दिलेला. लोक फळ्या टाकून ये-जा करत होते. दीपकने टाकीपर्यंतच्या डांबराचे फोटो काढले आणि परत आला. कॉम्प्युटरवर तोच तुकडा पुन्हा पुन्हा जोडून त्याने रस्ता वाढवत नेला. दर वेळी तीच लाल स्कूटर येई, ती पुसली. कडेला झाडं लावली, बाक बसवला, सायकलला पेडल रंगवून दिलं. पहिल्या स्लाइडवर भाऊंचं पाऊल, शेवटच्या स्लाइडवर त्यांचा उंचावलेला हात, आणि मधे गल्लीच्या टोकापर्यंत गुळगुळीत रस्ता. खाली ठळक अक्षरांत त्या गल्लीचं नाव.

घरी येऊन त्याने मोबाइल संजनापुढे धरला. ती त्या गल्लीतून कधीमधी जात असे. तिने दोनदा सरकवून पाहिलं.

"हा रस्ता कुठंय?" तिने विचारलं.

"रस्त्याचं सोड गं. सांधा दिसतो का सांग."

सांधा दिसत नव्हता. तिने तसं सांगितलं आणि ती पोळ्या करायला उठली.

भाऊंच्या घरी ते चित्र दाखवलं, तेव्हा सगळे कार्यकर्ते जमले होते. रस्त्याकडे कुणीही पाहिलं नाही. जो तो आपलं तोंड शोधत होता. दीपकने त्यांना रस्त्याच्या कडेला गर्दी म्हणून उभं केलं होतं, आणि नाथा नेमका तिसऱ्या आणि चौथ्या स्लाइडच्या मधे आला होता. एका स्लाइडवर त्याचा एक कान आणि एक डोळा, दुसरीवर उरलेला नाथा. सरकवलं की चेहरा जुळतो, हे दीपकने त्याला हरतऱ्हेने समजावलं.

"म्हंजे मला मधोमध कापला," नाथा म्हणाला. "भाऊ, हे कुणी सांगितलं ह्याला?"

मग नाथाला पहिल्या स्लाइडवर घ्यावं लागलं. ते पाहून बाकीच्यांनाही आपला पक्षातला दर्जा आठवला. शेवटच्या स्लाइडपर्यंत लोक येतच नाहीत, असं एकाने कुठूनतरी ऐकलं होतं; झालं, तिथे राहायला कुणी तयार होईना. सगळी मुंडकी पहिल्या स्लाइडवर गोळा झाली. भाऊंनी एवढंच सुचवलं की माणूस कुठल्याही स्लाइडवर आला तरी आपण दिसलो पाहिजे. तसं दर स्लाइडवर भाऊ आले. दीपकची एवढी मेहनत त्यांच्या पोटामागे गेली. भाऊंच्या पायांमधून मात्र त्याने रस्ता तुटू न देता नेला, आणि त्याचंच त्याला समाधान वाटलं.

पोस्ट पडली. कार्यकर्त्यांनी आगीची आणि वाघाची चित्रं टाकून खाली कॉमेंट्सची रांग लावली. त्या रांगेत तृप्ती नावाच्या एका बाईंनी आपल्या दारातला फोटो टाकला. फळीवरून सिलिंडर नेणारा माणूस, खाली चिखल. सोबत एकच वाक्य होतं: आमच्या गल्लीत हा रस्ता कधी आला? लोकांनी आगी-वाघांना सोडून तो फोटो उचलला आणि दुपारपर्यंत घराघरांत नेला.

नाथाचा फोन आला. भाऊंच्या वतीने खुलासा टाकायचा होता, आणि तो दीपकनेच करायचा होता. मजकूर तयार होता: डिझायनरच्या तांत्रिक चुकीमुळे भलत्याच रस्त्याचा फोटो वापरला गेला, भाऊंना याची कल्पना नव्हती. खाली डिझायनरचं नाव.

"नाव कशाला टाकता?" दीपकने विचारून पाहिलं.

"भाऊंचं नाव खराब व्हायला नको," नाथा म्हणाला. "तुझं काय, तुझं कुठं नाव हाय?"

आणि दीपक उगलेने आपल्या चुकीची पोस्ट आपल्या हाताने केली. मागे हलका करडा रंग दिला, चारी बाजूंना नीट जागा सोडली. आपलं नाव जरा मोठं झालंय असं वाटून त्याने ते एकदा लहानही केलं. संजनाने ती पतसंस्थेत, दुसऱ्या कुणाच्या तरी मोबाइलवर पाहिली.

धंदा बसेल अशी त्याला भीती होती. उलटंच झालं. दुसऱ्या प्रभागांतले भावी लोक जिना चढून येऊ लागले. कामाला चांगला आणि वेळ आली तर चूक आपल्या अंगावर घेणारा डिझायनर त्यांना कुठे मिळणार होता? दीपक याला नावलौकिक समजला. त्याने ऑफिसला काचेचं दार बसवलं.

त्याच दाराने एका रविवारी तृप्ती आली. संजना डबा घेऊन आली होती, ती कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसली होती. तृप्तीने भांडण काढलं नाही. तिच्याकडे गल्लीचे फोटो होते, या टोकापासून त्या टोकापर्यंतचे. ते एकापुढे एक जोडून खरा रस्ता लोकांना दाखवायचा होता. "तुमच्याइतकं चांगलं कुणी करणार नाही, दादा," ती म्हणाली, आणि ती टोमणा मारत नव्हती.

दीपकने फोटो पाहिलेसुद्धा नाहीत.

"ताई, मी राजकीय कामं घेत नाही."

तृप्ती हसली आणि दार ढकलून जिना उतरू लागली. संजनाने डबा टेबलावर ठेवला, पर्स घेतली आणि नवऱ्याला काही न सांगता तिच्यामागोमाग गेली.

त्या दोघींनी तृप्तीच्या ओट्यावर बसून जमेल तशी पोस्ट केली, वर गल्लीचं नाव टाकलं. काही फोटो तिरके, काही काळोखे, एका फोटोतली खणलेली माती दुसऱ्यातल्या मातीशी कुठेच जुळत नव्हती. ती गल्लीतल्या लोकांनी पाठवली, त्यांच्या पाहुण्यांनी पाठवली, आणि भाऊंचा खुलासा तिच्याखाली कुठल्या कुठे दबून गेला. रस्ता काही झाला नाही. पण त्या आठवड्यात भाऊ गल्लीत फिरकले नाहीत, हेही कमी नव्हतं.

रात्री जेवताना दीपकने ती पोस्ट पाहिली. शेवटपर्यंत सरकवत गेला, परत मागे आला.

"फॉन्ट चुकलाय," तो म्हणाला.

संजनाने त्याला भाजी वाढली आणि आपल्या ताटाकडे वळली.