कासमभाईंचे सहा दात

वस्तू जमवणाऱ्या माणसाकडे वस्तू कमी आणि किस्से जास्त असतात. वस्तूला कपाट लागतं, कुलूप लागतं, घरच्यांची परवानगी लागते. किस्स्याला काहीच लागत नाही, तो आपोआप साठत जातो. आमच्या तिघांच्या रविवारच्या बैठकीत वस्तू होत्या मोजून सहा, त्याही एकट्या कासमभाईंच्या. किस्से मात्र तिघांच्या मालकीचे.

कासमभाई मूळ पनवेलचेच, कोकणी मुसलमान. तीसेक वर्षं मालवाहू जहाजांवर काढली आणि सारंग, म्हणजे खलाशांचे मुकादम, म्हणून निवृत्त झाले. तरुणपणी बंदरोबंदरी फिरताना त्यांना एक नाद लागला. जुन्या हस्तिदंतावर सुईने कोरलेली जनावरांची चित्रं दिसली की घ्यायची. पूर्वीचे खलाशी लांबच्या सफरीत वेळ जात नाही म्हणून दातावर बारीक रेघा ओढायचे, वर काजळी चोळायचे आणि पुसून टाकायचे. रेघेत गेलेली काजळी तेवढी राहायची आणि पिवळट दातावर काळा सिंह उभा राहायचा. याला इंग्रजीत स्क्रिमशॉ म्हणतात. कासमभाई म्हणायचे, सुईकाम. त्यांच्याकडे हस्तिदंती मुठीची सुरी होती, पियानोची पट्टी होती, बिलियर्डचा चेंडू होता. आम्ही मात्र सगळ्यांना सरसकट दातच म्हणायचो.

* * *

माझी त्यांची ओळख झाली तेव्हा दात सात होते.

मी तळोज्याच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत होतो आणि नवीन पनवेलला राहायचो. कोणीतरी त्यांना सांगितलं, की पाटणकरांकडे चांगलं भिंग आहे. ते एका रविवारी मला रिक्षात घालून घरी घेऊन गेले आणि मखमलीत गुंडाळलेला एक दात माझ्यापुढे ठेवला. त्यावर बर्फात उभं असलेलं पांढरं अस्वल. त्यांचा सगळ्यात लाडका.

"नुसतं बघा आणि शाबासकी द्या," म्हणाले.

हत्तीच्या दाताच्या कापलेल्या टोकाला भिंगातून एकमेकींना छेदणाऱ्या रेघांची जाळी दिसते. इथे जाळी नव्हती. बारीक बारीक बुडबुडे होते. मी दोनदा पाहिलं, मग गॅसवर सुई तापवून आणायला सांगितली आणि तळाला, दिसणार नाही अशा जागी टेकवली. सुई आत गेली. खोलीभर जळलेल्या प्लॅस्टिकचा वास आला.

कासमभाईंनी अस्वल पुन्हा मखमलीत गुंडाळलं. मग म्हणाले, "लिव्हरपूलच्या त्या म्हाताऱ्याने मला मेलेल्या बापाची शपथ घेऊन दिला होता."

आतून त्यांच्या बायकोचा, जुबेदाभाभींचा आवाज आला, "बापही प्लॅस्टिकचा असेल."

* * *

डॉक्टर दामले आमच्यात आले ते दाढेमुळे. जुन्या पनवेलमध्ये त्यांचा दातांचा दवाखाना. कासमभाई दाढ काढायला गेले. इंजेक्शन दिल्यावर जबडा बधिर होईपर्यंत थांबायचं होतं. नंतर ते माझ्याकडे येणार असल्यामुळे पिशवीत एक दात होता, हरणांचा कळप कोरलेला. वेळ जावा म्हणून त्यांनी तो बाहेर काढला.

डॉक्टरांनी हातात घेतला, खुर्चीवरचा दिवा स्वतःकडे वळवला आणि तोंड तपासायच्या छोट्या आरशात एकेक हरीण बघायला लागले. "कासमभाई, इतकी बारीक रेघ? कशाने ओढली असेल? एवढं कठीण दंतद्रव्य, हात जरासुद्धा घसरलेला नाही." हरणं झाली, शिंगं झाली, गवत झालं. बाहेर पेशंट खोळंबले होते.

कासमभाईंनी वाट पाहिली, पाहिली, आणि बधिर जिभेनं कसंबसं म्हणाले, "डॉक्टर, तो बघून झाला असेल तर माझा काढा. इंजेक्शन उतरायला लागलंय."

* * *

पुढच्या रविवारी डॉक्टर न बोलावता हजर झाले. महिन्याभरात त्यांना स्वतःला सुईकाम शिकायची हुक्की आली. हस्तिदंताला हात लावायचा प्रश्नच नव्हता, म्हणून बैलाच्या हाडावर सुरुवात करायची ठरली. हाड कासमभाईंनी खाटकाकडून आणून दिलं. पण हाड आधी उकळून स्वच्छ करावं लागतं, आणि दामल्यांच्या घरात कांदासुद्धा चातुर्मासात येत नाही.

डॉक्टरांनी मार्ग काढला. दवाखान्याच्या मागच्या खोलीत शेगडी ठेवली, पातेलं चढवलं आणि पुढे पेशंट तपासत बसले. तासाभरात वास दारापर्यंत आला. बाकावर एक आगरी आजी गाल धरून बसल्या होत्या. त्यांनी दोनदा नाक वर केलं.

"डाक्टर," आजी म्हणाल्या, "माजा दात आज काडू नका. आदी जेवून घेऊ."

* * *

त्याच सुमारास सरकारने जाहीर केलं, की ज्यांच्याकडे हस्तिदंताच्या वस्तू असतील त्यांनी ठरलेल्या मुदतीत कळवावं आणि मालकीचा दाखला घ्यावा. मुदतीनंतर सापडलं तर गुन्हा.

कासमभाईंच्या घरी आठवडाभर खलबतं चालली. शारजाहून मुलाचा फोन आला, "अब्बा, गप्प बसा. कोणाला माहीत आहे?" भाभींना वाटत होतं सगळे दात खाडीत नेऊन टाकावेत. कासमभाईंनी दोघांचं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तीस वर्षं प्रत्येक बंदरात कस्टमला पेटी उघडून दाखवली. आता स्वतःच्या गावात लपवू?" आणि माझ्याकडून अर्ज लिहून घेतला.

पाहणीला वन खात्याचे एक तरुण अधिकारी आले. कासमभाईंनी सहाही दात टीपॉयवर मांडून ठेवले होते. नेले तर सगळेच नेतील, या भीतीने त्यांनी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. अधिकाऱ्यांनी सुरी उचलली.

"मूठ कोणत्या प्राण्याची?"

"हत्तीची."

"आणि चित्र?"

"गेंड्याचं."

अधिकाऱ्यांचं पेन थांबलं. "मग गेंडा पण लिहावा लागेल का?"

"साहेब," कासमभाई म्हणाले, "गेंडा नुसता काजळीचा आहे."

अधिकारी हसले आणि वातावरण हलकं झालं. सहाही दातांचं माप झालं, फोटो झाले. जाताना मात्र ते दारात थांबले आणि हळूच म्हणाले, "काका, एकेका दातामागे एक अख्खा हत्ती गेलेला असतो." कासमभाईंनी मान हलवली.

काही महिन्यांनी दाखला आला. विकायचे नाहीत, कोणाला द्यायचे नाहीत, गेले तर वारसाकडेच जातील. त्यांना तेच हवं होतं. पण तेव्हापासून "माझा संग्रह" हा शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकला नाही. "माझ्याकडे ठेवलेत ते दात," असं म्हणायचे.

* * *

बातमी कशी पसरते देव जाणे. दोनेक वर्षांनी एका रविवारी आम्ही तिघं बसलो असताना मुंबईहून एक गृहस्थ आले. इस्त्रीचा सफारी, गोड बोलणं. त्यांना दात विकत हवे होते. कासमभाईंनी चहा दिला, खजूर दिले आणि दाखला दाखवला.

"कागदाचं काय, काहीतरी करता येतं," गृहस्थ म्हणाले.

"येत असेल. मला येत नाही," कासमभाई म्हणाले, आणि कपाट बंद करून चावी खिशात टाकली.

गृहस्थ उठायला लागले, तेवढ्यात त्यांची नजर टीपॉयवर गेली. डॉक्टरांनी हाडावर कोरलेला वाघ तिथे पडला होता. एव्हाना डॉक्टरांचा हात बसला होता, चहाच्या पाण्यात ठेवून हाडाला पिवळट रंगही आणला होता. गृहस्थांनी तो उचलला, खिशातलं भिंग लावलं, पुन्हा बसले. आवाज एकदम खाली आला.

"हा विकण्यासारखा आहे का? फारच जुना दिसतोय. कधीचा आहे?"

डॉक्टरांनी आठवून पाहिलं. "मंगळवारचा."

* * *

आणखी काही वर्षं गेली. साखरेच्या आजाराने कासमभाईंची नजर हळूहळू नेली. भिंगही उपयोगाचं राहिलं नाही. पण रविवार चुकला नाही. ते दात मांडीवर घ्यायचे आणि अंगठ्याचं नख रेघांवरून फिरवायचे. "हे शिंग. हा झरा. इथे खलाशाची सुई अडली, बोट हललं असेल." आम्हाला डोळ्यांनी जे दिसत नव्हतं ते त्यांना नखाने कळायचं.

सगळ्यात जास्त वेळ हातात असायचा तो मोम्बासाहून आणलेला, वीतभर लांबीचा. त्यावर हत्तीण आणि तिच्या पायाशी पिल्लू. हत्तिणीचे कान पसरलेले. मागच्या उंच गवतात, भिंगाशिवाय दिसणार नाही इतका बारीक, टोपीवाला माणूस. खांद्याला बंदूक लावलेला.

हाताच्या घामाने त्या दाताला केसाएवढी चीर पडली होती. मी डॉक्टरांना म्हटलं, असंच चाललं तर दुभंगेल. कासमभाईंच्या हातातून काढून घ्यायची हिंमत आमच्यात नव्हती. सहा-सात महिने डॉक्टरांनी रोज दुपारी दवाखाना बंद झाल्यावर हाडावर तीच हत्तीण कोरली. वजन बरोबर यावं म्हणून आत शिसं भरलं.

एका रविवारी कपाटातून दात काढून देताना आम्ही न सांगता अदलाबदल केली, खरा आतच ठेवला. भाभींना माहीत होतं. त्या दाराशी उभ्या राहिल्या. आंधळ्या माणसाला फसवतोय, हे तिघांनाही टोचत होतं.

कासमभाईंनी दात हातात घेतला. नख सोंडेवरून गेलं, कानांवरून गेलं, पिल्लाच्या पाठीवरून गेलं. मग गवतात शिरलं. तिथे थांबलं. परत मागे आलं, पुन्हा गवतात गेलं.

"डॉक्टर, हा तुमचा आहे."

डॉक्टरांचा चेहरा उतरला. "वजनावरून कळलं?"

"वजन बरोबर आहे. काम तर माशाल्ला." नख अजून गवतातच होतं. "बंदूकवाला कुठे आहे?"

डॉक्टर खाली बघत म्हणाले, "काढणार होतो. गवतापर्यंत आलो. दोन दिवस सुई हातात धरून बसलो, कासमभाई. मग ठेवून दिली."

कासमभाईंनी हाडाची हत्तीण हळूच सदऱ्याच्या खिशात ठेवली, वरून हाताने चाचपली. मग दुसऱ्या खिशातून कपाटाची चावी काढली आणि दाराच्या दिशेने हात लांब केला.

"जुबेदा, ही तुझ्याकडे ठेव."

ती त्यांनी परत कधी मागितली नाही.