बंपरवरचा हार

मी खोटं लिहिलं आणि चांगल्या मराठीत लिहिलं. शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती त्यात. मॅनेजर साहेब वाचून म्हणाले होते, "मॅडम, रिपोर्ट असा पाहिजे." मला बरं वाटलं होतं. ते बरं वाटणं आठवलं की अजून कानशिलं तापतात.

कळंबोलीतल्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीत मी सेफ्टी ऑफिसर आहे. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजची पायरी कोणी चढलं नव्हतं. वडील मिठागरावर, आई पनवेलच्या बाजारात भाजी घेऊन बसायची. मी बी.कॉम. झाले तेव्हा वडील सर्टिफिकेट फ्रेम करायला घेऊन गेले आणि फ्रेमवाल्याला बजावून आले, "लाकूड बारीक लाव, अक्षर झाकाय नको." मला त्याचा अभिमान होता. आजही आहे, तो मी सोडणार नाही. पण घरात येणारा प्रत्येक कागद, रेशनचा असो की जमिनीच्या नोटिशीचा, लहानपणापासून माझ्याच हातात पडायचा. सगळे भोवती बसायचे आणि मी वाचून अर्थ सांगायची. आठवीत असताना एक नोटीस मला समजली नव्हती. तरी सांगितला अर्थ. कोणाला कळलं नाही. "मला समजलं नाही" हे तीन शब्द मी तेव्हापासून तोंडातून काढले नाहीत.

आमच्या आळीतले एक काका याच कंपनीत ट्रेलर चालवायचे. कळंबोलीच्या लोखंड बाजारातून पत्र्याची भेंडोळी भरायची आणि पेण, महाडकडे पोचवायची. सव्वीस वर्षं चाकावर, आणि गाडीला साधा ओरखडा नाही. मला नोकरी लागली तीही त्यांनी शब्द टाकला म्हणून. "आमच्या गावची पोर हाय. शिकलेली हाय, उगाच बोलनारी नाय," असं त्यांनी मालकांना सांगितलं होतं.

दसऱ्याच्या आधी कंपनीत चार नवे ट्रेलर आले. त्यांच्या पुढच्या बंपरच्या मधोमध पंज्याएवढी काळी पट्टी असते आणि तिच्यामागे रडार. क्रूझ लावला की आपण ठरवलेला वेग गाडी स्वतः धरून ठेवते. पुढची गाडी हळू झाली की ही अंतर ठेवून हळू होते, आणि आता धडकणार असं तिला वाटलं तर ड्रायव्हरची वाट न बघता ब्रेक मारते. हे सगळं शिकायला कंपनीने मला दोन दिवस पाठवलं. शिकवणारा भराभर इंग्रजीत बोलत होता. मध्येच थांबून विचारायचा, समजलं ना? सगळ्यांच्या आधी माझी मान हलायची.

शेवटी त्यांनी एक जाड पुस्तिका दिली. गाडी काय काय करते हे पहिल्या भागात होतं, ते मला नीट कळलं. नंतरची अकरा पानं ही यंत्रणा कुठे चुकते त्याची होती. त्यात एका पानावर बंपरचं चित्र आणि त्यावर लाल फुली. खालचा मजकूर लांबलचक. दोन वाक्यं वाचली, तिसऱ्यात अडकले, पान उलटलं.

परत आल्यावर यार्डातच ताडपत्रीखाली मी ड्रायव्हरांचा वर्ग घेतला.

"म्हंजे ब्रेक ती मारनार, वेग ती धरनार. मंग आमी काय पत्ते कुटायचे?" एकाने विचारलं.

"सासूसारखी हाय रं," दुसरा म्हणाला. "आपन चाललेले असताव आनि ही मधीच आडवी."

सगळे हसले. काका हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "बाय, पुढं बंद पडलेली गाडी उभी असंल तर? नायतर मोटरसायकलवाला आडवा घुसला तर? वलखते काय?"

याचं उत्तर त्या अकरा पानांत होतं. मी म्हणाले, "काका, तिला सगळं दिसतं. तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त."

"आसंल," काका म्हणाले. "तू शिकून आलीस."

दसऱ्याला चारही ट्रेलर धुऊन ओळीत लावले. मालक पूजेला येणार होते. पनवेलच्या बाजारातून हार मीच आणले. झेंडूचा हार दोन दिवसांत सुकतो, म्हणून मी चंदेरी चमकीचे घेतले, जाड झालरीचे, दिवाळीपर्यंत टिकतील असे. काकांच्या गाडीचा हार मी स्वतः बांधला, बंपरवर, एका दिव्यापासून दुसऱ्या दिव्यापर्यंत.

"वर बांध की गो, काचंखाली," काका म्हणाले. "खाली वाऱ्यानं सुटंल."

"काका, फोटोत दिसला पाहिजे ना. मालक येतायत."

"बरं, म्याडम." असं म्हणून त्यांनी नारळ फोडला.

दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. "बाय, पिवला दिवा लागतोय. मंग आपोआप जातोय. परत लागतोय."

"गाडी बंद करून चालू करा."

"दोनदा केली. क्रूझ नको लावू काय? निस्ता हातापायानं चालवतो."

पुस्तिका माझ्या टेबलावर होती. ती उघडून दिव्यांचं पान काढायला पाच मिनिटं लागली असती. पण ते पान मला समजेल का, याची मला खात्री नव्हती. मी म्हणाले, "नवीन गाडी आहे, सेट होत असेल. क्रूझ लावाच. कोण लावत नाही ते वर ऑफिसात दिसतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास ते कर्नाळ्याची वळणं उतरून सरळ रस्त्याला लागले. पुढे रस्ता मोकळा होता, उजेड लख्ख, पाऊस नाही. आणि गाडीने कचकचून ब्रेक मारला. साखळ्या पक्क्या होत्या म्हणून भेंडोळी जागची हलली नाहीत. मागून बर्फ घेऊन येणारा टेम्पो ट्रेलरवर आदळला. टेम्पोवाल्याच्या मनगटाचं हाड मोडलं.

मी आणि मॅनेजर साहेब गाडीने पोचलो. रस्ताभर बर्फाचे तुकडे वितळत पडले होते. साहेब पोलिसांशी बोलायला गेले, मी ट्रेलरच्या पुढे गेले. हाराचं एक टोक सुटलं होतं. चमकीची झालर बरोबर त्या काळ्या पट्टीपुढे लोंबत होती, आणि शेजारून गाडी गेली की फडफडत होती.

मला बंपरचं चित्र आठवलं. लाल फुलीसकट. न वाचलेलं वाक्य त्या क्षणी पूर्ण समजलं: पट्टीपुढे काही लोंबलं तर गाडी त्यालाच अडथळा समजते.

मी हार सोडला, घडी केली, पर्समध्ये कोंबला आणि चेन लावली. तिकडे काका साहेबांना सांगत होते, "साहेब, आईची आन, मी ब्रेक नाय मारला. पाय बाजूला व्हता माजा. गाडीनंच मारला."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. "मॅडम, असं होऊ शकतं?"

"समोर काही नसताना गाडी ब्रेक मारत नाही, सर," मी म्हणाले.

वाक्य बघा. शब्दाला शब्द खरं आहे ते. समोर काही होतं, आणि ते माझ्या पर्समध्ये होतं.

काकांनी मान खाली घालून स्वतःच्या उजव्या पायाकडे बघितलं, एखाद्याने शिवी दिल्यावर त्याच्याकडे बघावं तसं.

त्या दुपारी मी रिपोर्ट लिहिला. "चालकाचा पाय अनवधानाने ब्रेक पेडलवर पडल्याने वाहन अचानक थांबले." अनवधानाने हा शब्द मला फार आवडला होता. त्यात काकांचा अपमान होत नाही, अशी मी माझी समजूत घातली. लिहिताना सतत एकच डोळ्यांसमोर होतं: ताडपत्रीखाली बसलेले ते सगळे आणि त्यांचं हसणं. एक बाई आम्हाला शिकवायला आली आणि तिनेच गाडीच्या डोळ्यावर पट्टी बांधली, हे त्यांनी वर्षभर पुरवून पुरवून सांगितलं असतं. तेवढ्यासाठी मी सव्वीस वर्षांवर शाई ओतली.

काकांना ट्रेलरवरून उतरवलं आणि यार्डात गाड्या मागे-पुढे लावायचं काम दिलं. चार दिवसांनी गाडी तपासणाऱ्या मेकॅनिकचा कागद माझ्याकडे आला. गाडी स्वतःची नोंद ठेवते. कागदावर स्वच्छ लिहिलं होतं: ब्रेक यंत्रणेने मारला, पेडलवर पाय नव्हता. मी तो कागद ड्रॉवरमध्ये घातला आणि वर पंचिंग मशीन ठेवलं. उरलेल्या तीन गाड्यांचे हार मात्र "मळलेत" म्हणत मी स्वतः काढले होते. म्हणजे बघा, काय करायला पाहिजे ते मला माहीत होतं.

महिनाभराने काकांनी यार्डात येणंही सोडलं. एका रविवारी बाजारातून येताना काकी भेटल्या. म्हणाल्या, "बाय, एकदा घरी ये ना. तुजं आयकतील ते. पाय दाखवाय दोन डाक्टर झाले. काय नाय म्हन्तात. पन यांचं मन मानत नाय."

मी गेले. काका ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. समोर भिंतीला टेकवून एक पाट तिरपा ठेवला होता आणि उजव्या पायाने ते तो दाबत होते. दाबायचे, उचलायचे, बाजूला न्यायचे, परत दाबायचे.

"आलीस? बरी आलीस," ते म्हणाले. "हे बघ. दाबतो म्हन्लं की दाबतोय, उचलतो म्हन्लं की उचलतोय. मंग त्या दिशी काय झालं गो? मला तर कायच आठवत नाय दाबल्याचं. पन तू लिवलंस म्हंजे दाबला आसंल. आता नातीला स्कूटरवर बसवाय पन भ्या वाटतं मला."

मी वाटेत ठरवून आले होते की धीर द्यायचा, वय होतं काका, असं काहीतरी बोलायचं. ते तोंडात तयार होतं. पण पाय पाटावर पडत होता आणि उचलला जात होता, आणि ते माझ्याकडे बघत होते. लहानपणी घरातले कागद वाचताना सगळे बघायचे तसे.

"काका, पाय तुमचा नव्हता पेडलवर," मी म्हणाले. "गाडीने ब्रेक मारला. मी बांधलेल्या हारामुळे. मशीनचा कागद आलाय तसा."

पाय थांबला.

"कवा आला कागद?"

"चार दिवसांनी."

"आनि तुला कवापासून म्हायत हाय?"

"हार मीच काढला. त्याच दिवशी. तुम्ही साहेबांशी बोलत होतात तेव्हा."

काकी चहा घेऊन दारात उभ्या होत्या. त्या कप घेऊन तशाच आत गेल्या. आत भांडं जोरात आपटल्याचा आवाज आला. मला वाटलं काका शिव्या देतील, आणि खरं सांगायचं तर मला त्या हव्या होत्या. त्यांनी फक्त पाट उचलून बाजूला ठेवला.

"लिवून दे," ते म्हणाले. "पयल्यासारकंच, चांगल्या अक्षरात. आनि सगल्यांच्या म्होरं वाच."

साहेब म्हणाले, "आता कशाला उकरताय? मिटलंय ते." मी मेकॅनिकचा कागद त्यांच्या टेबलावर ठेवला आणि शेजारी माझा नवा रिपोर्ट. मला लेखी ताकीद मिळाली. मग मी ती अकरा पानं काढली. तीन दिवस जेवणाच्या सुट्टीत डिक्शनरी घेऊन बसले. शेजारच्या टेबलावरच्या अकाउंटंटला दोन वाक्यं विचारलीसुद्धा. त्याने सहज सांगितली. इतकं सोपं होतं ते.

चौथ्या दिवशी ताडपत्रीखाली सगळे जमले. काकाही आले, मागे टायरवर बसले. मी आधी पानं सांगितली. पट्टीपुढे काही बांधायचं नाही, हार नाही, लिंबू-मिरची नाही, चिखल बसला तर पुसायचा. पिवळा दिवा लागला की क्रूझ बंद करायचा, गाडी बाजूला घेऊन पट्टी बघायची आणि फोन करायचा. पावसात, घाटात, गर्दीत क्रूझ लावायचा नाही. उभी गाडी किंवा मोटरसायकल तिला दिसेलच असं नाही. लावला असला तरी पाय ब्रेकजवळ आणि नजर रस्त्यावर. चालवणारे तुम्ही, ती नाही.

"मंग हे तवाच का नाय सांगितलंत?" सासूचा विनोद करणाऱ्यानेच विचारलं.

"मला ती पानं समजली नव्हती," मी म्हणाले. "आणि ते सांगायची लाज वाटली."

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

मग रिपोर्ट वाचला. हार कोणी बांधला, कोणी काढला, पहिल्या रिपोर्टात खोटं काय होतं, मेकॅनिकचा कागद किती दिवस कुठे होता. आवाज खाली जात होता, तरी वाचत गेले. संपलं तेव्हा काका मागून म्हणाले, "पायाचं परत वाच."

मी ते वाक्य परत वाचलं.

"मागच्यांना आयकू नाय आलं," ते म्हणाले. "मोठ्यानं."