चूलबंद आवतण

चुलत बहिणीच्या लग्नाला मी शहरातल्या पुंडलिकनगरातून एकटाच गावी गेलो आणि काकांकडंच उतरलो. सिल्लोडकडच्या आमच्या गावात लग्नाचं आवतण चूलबंद असतं. त्या दिवशी घरात चूल पेटवायची नाही, सगळ्यांनी जेवायला यायचं. ते द्यायला काका निघाले, मीही सोबत गेलो.

माझ्या लहानपणी घरं मातीची होती आणि त्यांत माणसं मावत नव्हती. पंगतीत वरणात पाणी वाढवावं लागायचं. पुढं पोरं कारखान्यांत लागली, हातात पैसा आला. त्यांनी गावात स्लॅबची घरं बांधली, फरशी बसवली आणि कुलूप लावून ती शहरात राहायला गेली.

काका प्रत्येक कुलपापुढं थांबायचे, कडीवर अक्षता ठेवायचे आणि मोठ्यानं सांगायचे, "चूलबंद आवतण हाय, समद्यांनी या."

मी वैतागलो. "काका, ऐकायला आहे कोण?"

"रीत हाय," ते म्हणाले.

शेवटचं घर माझं होतं. काका तिथंही थांबले. माझ्याकडं न बघता त्यांनी कडीवर अक्षता ठेवल्या आणि तेवढ्याच मोठ्यानं सांगितलं, "चूलबंद आवतण हाय, समद्यांनी या."