नव्वद दिवसांचा नियम

मला एकच काम दोनदा करायचा भारी कंटाळा. तिसऱ्यांदा करायची वेळ आली की हात शिवशिवायला लागतात आणि मी ते काम आपोआप करणारी चार-आठ ओळींची स्क्रिप्ट कॉम्प्युटरवर लिहून टाकते. शहाद्याला एका संस्थेच्या ऑफिसात मी सर्व्हर सांभाळते. सर्व्हर म्हणजे टेबलाखालचं एक जुनं मशीन. सातपुड्यातल्या आमच्या वसतिगृहांतल्या मुलांची हजेरी, दाखले, पालकांसोबतचा फोटो, सगळं त्यात. वीज जाऊन आली की सगळं परत सुरू करणारी स्क्रिप्ट माझी, बॅकअप घेणारी माझी, सकाळी गृहपालांना हजेरीचा तक्ता पाठवणारीही माझीच. अर्जावर फोटो चिकटवायची पद्धत मीच बंद केली होती, वेळ जातो म्हणून. घरी आई म्हणते, "तुन्हा पायले भिंगरी शे. एक जागे बस ना थोडी." नाही बसवत, काय करू?

गेल्या पावसाळ्यात डिस्क भरत आली. रोज सूचना यायची, रोज मी जुन्या फायली हाताने पुसायचे. आठवडाभरात वैतागले. मग एका दुपारी, समोरचा चहा निवायच्या आत, सफाईची स्क्रिप्ट लिहिली. ज्या मुलाची नव्वद दिवसांत एकही हजेरी नाही ते वसतिगृह सोडून गेलं असं धरायचं आणि त्याचं फोल्डर काढून टाकायचं. झकास चालली. ऑफिसात शेखीही मिरवली.

आता आमच्या जिल्ह्यातलं शेंबडं पोरही सांगेल की दिवाळी झाली की डोंगरातली कितीतरी कुटुंबं पोराबाळांसकट ऊसतोडीला गुजरातेत जातात आणि होळीला परत येतात. एस.टी. स्टँडवर त्यांची गाठोडी ओलांडत मीच दरवर्षी ऑफिसला जाते. पण स्क्रिप्ट लिहिताना हे डोक्यात आलं नाही. नव्वद हा आकडा बरा वाटला, म्हणून टाकला.

होळीला चार दिवस असताना धडगावकडचा एक बाप मुलीला घेऊन ऑफिसात आला. मुलगी आमच्याच वसतिगृहातली, सातवीतली. बाप पावरीत बोलायचा आणि ती मराठीत सांगायची.

"आई वारली, मॅडम. तिकडे, उसाच्या फडावर. ताप आला होता. तिचा दुसरा फोटो कुठेच नाही. इथे प्रवेशाच्या वेळी तुम्ही काढलेला ना, बाबा म्हणतात, तो मोठा करून द्या."

"बसा, दोन मिनिटांत देते," मी म्हटलं आणि तिचा नंबर टाकला. फोल्डर नव्हतं. नंबर परत टाकला, तरी नाही. नोंदी उघडल्या. फेब्रुवारीतल्या एका सकाळी माझ्या स्क्रिप्टने ते काढून टाकलं होतं. बॅकअपकडे धावले, तर तिथे फक्त शेवटचे सात दिवस ठेवायचे आणि त्याआधीचं टाकून द्यायचं, हा नियमही माझाच. पहिल्या स्क्रिप्टचं राहिलेलं काम दुसरीने पुरं केलं होतं.

"उद्या या," एवढंच म्हणू शकले. ते स्टँडजवळ कुणा नातेवाइकाकडे थांबले. पुसलेल्या फायली शोधणारा प्रोग्राम लावला. तो तुकडे काढत होता, कुणाचा कान, कुणाची वेणी, बाकी करडा पट्टा. आमच्याकडे फोटो निळ्या भिंतीपुढे काढतात. जरा निळं दिसलं की मी खुर्चीतून उठायचे, मग परत बसायचे. क्लार्कवर विनाकारण खेकसले. दारापर्यंत जायचे, परत यायचे. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत प्रोग्राम संपला. त्या मायलेकी त्यात नव्हत्या.

बाप आणि मुलगी बाकावर बसले होते. 'मशीनने पुसला' असं अगदी ओठांवर आलं होतं. लाज वाटली. "फोटो मी पुसला. चूक माझी आहे," मी म्हटलं. मुलीने ते त्याला सांगितलं. प्रवेशाच्या दिवशी तो आला नव्हता, शेतावर होता. मायलेकीच आल्या होत्या. त्याने हळूच तिला काहीतरी विचारलं.

"बाबा विचारतात," मुलगी म्हणाली, "फोटोत ती हसत होती का?"

फोटो मीच काढला होता. जूनमधली लांबलचक रांग, मी सगळ्यांना घाई करत होते. डोळे स्क्रीनवर, भिंत सरळ येते का तेवढंच बघत. तो चेहरा काही केल्या डोळ्यांपुढे येईना. 'हो' म्हणून टाकावं असं फार वाटलं.

"मला आठवत नाही," मी म्हटलं.

मुलगी बापाकडे वळून पावरीत काहीतरी म्हणाली. मग मला कळावं म्हणून मराठीतही म्हणाली, "नाही हसत. मॅडम म्हटल्या होत्या ना, हलू नका."