दारातली पांढरी रुई

घाटंजीला आमच्या दारात पांढरी रुई आहे. जांभळ्या फुलांची रुई कोणीही तोडतं. पांढरीची गोष्ट वेगळी. तिच्या मुळात गणपती असतो म्हणे. आईच्या गुडघ्यांना तर तो नक्की पावलाय. रोज सकाळी ती पानं तोडते, एरंडेल लावून तव्यावर गरम करते, गुडघ्यांना बांधते आणि महाराणीसारखी खुर्चीत बसते. मग दुपारपर्यंत घरभर फिरते. मी आणलेल्या गोळ्यांनी फक्त पोट बिघडलं, हे ती येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ऐकवते.

माझं भांडण पानांशी नव्हतं, चिकाशी होतं. पान तुटलं की देठातून दुधासारखा चीक वाहतो, आणि आईच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं.

"चिकाचा हात डोळ्याला लागला तर?"

"मी काय लहान पोरगी आहो?"

शेवटी झाड तोडायला मी माणूस बोलावला. त्यानं झाडाभोवती चक्कर मारली आणि चपला काढून नमस्कार केला.

"भाऊ, बाभूळ सांगा, कडुनिंब सांगा. हे काम माह्याच्यानं नाही होत."

"मग कुऱ्हाड दे, मी तोडतो."

"कुऱ्हाड तं माहीच हाये ना भाऊ. पाप तिलेबी लागन."

आई पदरात तोंड लपवून हसत होती. चहा त्याला मिळाला, मला नाही.

पुढच्याच आठवड्यात ती टीव्हीला नाक लावून बसली. "आज साऱ्या बायांवर धुकं काहून पडलं रे?" उजवा डोळा लालभडक. आदल्या दिवशी चीक उडाला होता.

"सांगितलं काहून नाही?"

"दुखूनच नाही राह्यलं, तं सांगू कायले?"

यवतमाळच्या डॉक्टरांनी सांगितलं, या चिकाची खोडच ही. तो डोळा बधिर करतो आणि गुपचूप बुबुळाला इजा करतो. लगेच भरपूर पाण्यानं धुवायला हवा होता. नजर परत येईल का, हे मात्र ते सांगेनात. औषधाचे थेंब घालता घालता मी घरात सगळ्यांवर खेकसत होतो.

धुकं हळूहळू विरलं. शेवटच्या तपासणीहून परतताना वाटलं, आता तरी झाड जाईल. आई एसटीत म्हणाली, "डॉक्टर डोळ्याचं बोलला. गुडघ्याचं कायी बोलला का?"

आता पानं मी तोडतो. रबरी हातमोजे, डोळ्यांवर फवारणीचा चष्मा, आणि खुर्चीतून हुकूम: "कवळं नको, जून पान पाह्य."

परवा शेजारच्या काकू लंगडत आल्या. आईनं माझ्याकडे बोट दाखवलं. "थांब वं, हा देते काढून."

मी हातमोजे चढवून आणखी दोन पानं तोडली.